जमिनीवरच्या लेझरने हेरगिरी उपग्रहाचे डोळे दिपतात की जातात?

तलावपाळी (पाचपाखाडी, ठाणे)

गेल्या गणेशोत्सवात विसर्जनाची मिरवणूक आमच्या इमारतीखालून जात असताना मी गॅलरीतून मोबाइलवर चित्रीकरण करत होते. मिरवणुकीतल्या एका ट्रकवर बसवलेल्या लेझर दिव्याचा हिरवा झोत फिरत फिरत क्षणभर थेट माझ्या हातातल्या मोबाइलवर आला, पडदा पूर्ण हिरवा झाला आणि पुढच्याच क्षणी सगळे पूर्ववत दिसू लागले. मात्र त्या दिवसापासून त्या मोबाइलने काढलेल्या प्रत्येक छायाचित्रात डाव्या बाजूला एक जांभळी उभी रेघ येते. सेन्सर जळाला आहे आणि कॅमेऱ्याचा संपूर्ण भाग बदलावा लागेल, असे दुरुस्तीच्या दुकानदाराने सांगितले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते आणि वर्गात इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावरची उपग्रहचित्रे नेहमी दाखवते. ही हकिकत वर्गात सांगितल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले की, मिरवणुकीतल्या दिव्याने मोबाइलची ही गत होते, तर एखादा देश जमिनीवरून लेझर सोडून डोक्यावरून जाणारा हेरगिरी उपग्रह आंधळा करू शकेल का. रशियाने आपली 'पेरेस्वेत' ही लेझर यंत्रणा १५०० किलोमीटर उंचीपर्यंतच्या उपग्रहांना आंधळे करू शकते असा दावा २०२२ साली केल्याचे मला आठवत होते, परंतु दावा आणि भौतिकशास्त्र यांत किती अंतर आहे हे मला सांगता आले नाही. पाचशे किलोमीटरवरून हे खरोखर शक्य आहे का, होणारी इजा तात्पुरती असते की कायमची, आणि शक्य असेल तर प्रत्येक देश आपले सगळे तळ अशा रीतीने झाकून का टाकत नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे जाणकारांनी द्यावीत, ही विनंती.

झोत_आणि_पत्रा (रबाळे एमआयडीसी)

ताई, माझा व्यवसाय लेझर कटिंगचा आहे, त्यामुळे उपग्रहांविषयी नसले तरी लेझरविषयी अनुभवाने बोलू शकतो. आमच्याकडचे यंत्र तीन किलोवॉटच्या फायबर लेझरवर चालते आणि दहा मिलिमीटरची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट सहज कापते. परंतु ते कापते याचे कारण नोझलखाली तो झोत मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या ठिपक्यात एकवटलेला असतो. फोकस थोडा जरी वर-खाली झाला तरी कड खडबडीत येते, मग ठिपका आणि उपग्रह यांच्यात पाचशे किलोमीटर अंतर आल्यावर काय उरणार?

मी ढोबळ हिशेब केला. उत्तम दुर्बिणीतून सोडलेला झोतसुद्धा त्या उंचीवर, वातावरणाच्या हलण्यामुळे, दहा मीटर व्यासाच्या वर्तुळात पसरेल असे धरू. तीन हजार वॉट सुमारे ऐंशी चौरस मीटरवर विभागले की चौरस मीटरला चाळीस वॉटसुद्धा पडत नाहीत. वातावरणाबाहेर सूर्यप्रकाश चौरस मीटरला सुमारे १३६० वॉट असतो. म्हणजे ज्या लेझरने मी पोलाद कापतो, त्याच्या पस्तीस पट ऊर्जा तो उपग्रह रोज उन्हात उभा राहून अंगावर घेतोच आहे. त्यामुळे मेगावॉट शक्तीच्या अवाढव्य यंत्राशिवाय हे काम होणार नाही, असे माझे मत आहे. मिरवणुकीतला दिवा वीस-पंचवीस मीटरवर होता, हा फरक विद्यार्थ्यांना जरूर सांगावा.

जुना_सुदूरसंवेदक (खारघर)

वरचा हिशेब बरोबर आहे, परंतु तो चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. उपग्रहाचे अंग जाळायचे असेल तर तो लागू पडतो. येथे प्रश्न डोळ्याचा आहे, आणि डोळ्याचे वैशिष्ट्य असे की समोरून येणारा प्रकाश तो स्वतःच एका बिंदूत गोळा करतो. तुमच्या कारखान्यात ठिपका लहान करण्याचे काम यंत्रातले भिंग करते, तेच काम येथे हेरगिरी उपग्रहाची दुर्बीण करते. लेझरवाल्याला फक्त प्रकाश तिच्या तोंडापर्यंत पोहोचवायचा असतो.

सूर्याशी केलेली तुलनाही म्हणूनच फसवी आहे. उपग्रहाचा कॅमेरा सूर्याकडे कधी पाहतच नाही, तो जमिनीकडे पाहतो, आणि जमिनीच्या अर्ध्या मीटरच्या एका चौकोनातून त्याच्या आरशापर्यंत परावर्तित होऊन येणारा प्रकाश अतिशय क्षीण असतो. भर दुपार, पाचशे किलोमीटर उंची आणि ७० सेंटिमीटर व्यासाचा आरसा धरला, तर एका पिक्सेलच्या वाट्याला एका वॉटचा सुमारे तीस अब्जावा भाग येतो. आता तीन किलोवॉट सोडून द्या, फक्त दहा वॉटचा लेझर घ्या, तुमच्याच दहा मीटरच्या वर्तुळात तो पसरू द्या आणि अर्धा प्रकाश वातावरणात गेला असे समजा. तरीही त्या आरशावर वीस-पंचवीस मिलिवॉट पडतात आणि ते सर्व संवेदकावरच्या एका ठिपक्यात जमा होतात. हे प्रमाण नेहमीच्या प्रकाशाच्या साठ-सत्तर कोटी पट आहे. ठिपका अनेक पिक्सेलांवर पसरला, गाळणीने काही प्रकाश अडवला, म्हणून या आकड्याला हजाराने भागले, तरी लाखो पट उरतेच.

अमेरिकेने १७ ऑक्टोबर १९९७ रोजी न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथून 'मिरॅकल' नावाचा मेगावॉट वर्गातला रासायनिक लेझर आपल्याच 'एमएसटीआय-३' या उपग्रहावर सोडला होता. उपग्रह सुमारे ४२० किलोमीटर उंचीवर होता. त्या प्रयोगमालेतून बाहेर आलेली सर्वांत बोलकी गोष्ट त्या अजस्र यंत्राविषयी नव्हतीच. नेम धरण्यासाठी सोबत ठेवलेल्या अवघ्या ३० वॉटच्या लेझरनेही उपग्रहाचा अवरक्त संवेदक तात्पुरता निकामी होतो, असे दिसून आले. तीस वॉट म्हणजे आपल्या बाथरूममधल्या दोन-तीन एलईडी बल्बांना लागणारी वीज.

यात तरंगलांबीची अट मात्र महत्त्वाची आहे. साधे हेरगिरी कॅमेरे सिलिकॉनच्या संवेदकावर चालतात आणि दृश्य प्रकाश व त्यालगतचा अवरक्त प्रकाश एवढेच त्यांना दिसते. 'मिरॅकल'चा प्रकाश सुमारे ३.८ मायक्रॉनचा असल्यामुळे तो अशा कॅमेऱ्याला दिसलाच नसता, आणि ज्या उपग्रहावर प्रयोग झाला त्यावर अवरक्त कॅमेरा होता हे विसरून चालणार नाही. फायबर लेझरचा १.०७ मायक्रॉनचा प्रकाश सिलिकॉनला जेमतेम दिसतो.

आता दुसरा प्रश्न. मराठीत 'डोळे दिपणे' आणि 'डोळे जाणे' असे दोन वेगळे वाक्प्रचार आहेत, आणि या विषयातला सगळा घोळ त्या दोहोंत गल्लत केल्यामुळे होतो. वर ज्याचा हिशेब केला ते दिपणे आहे: झोत आहे तोवर चित्राचा तेवढा भाग पांढरा पडतो, झोत थांबला की कॅमेरा पूर्ववत होतो. सिलिकॉन उष्णता झपाट्याने वाहून नेत असल्यामुळे पंचवीस मिलिवॉटने त्याला कायमची इजा होत नाही. याउलट तुमचे तीन किलोवॉट, तरंगलांबी जुळली असती आणि उपग्रह त्या क्षणी नेमका तुमच्या कारखान्याकडे पाहत असता, तर त्या ठिपक्यावर सात-आठ वॉट पडले असते आणि काही पिक्सेल खरोखर जळाले असते.

परंतु काही पिक्सेल जळणे म्हणजे आंधळे होणेही नव्हे. असे बहुतेक कॅमेरे अंगण झाडल्यासारखे काम करतात. संवेदकावर पिक्सेलांची आडवी ओळ असते आणि उपग्रह पुढे सरकेल तसतशी ती जमिनीवरून फिरत जाते. त्या ओळीतला एक पिक्सेल मेला की पुढच्या प्रत्येक चित्रात त्याच्या जागी एक उभी रेघ येते. ताईंच्या मोबाइलमधल्या जांभळ्या रेघेचे कारण थोडे वेगळे आहे, कारण तेथे पिक्सेलांचा उभा स्तंभ वाचणारे मंडल (सर्किट) खराब होते, परंतु दिसायला प्रकार अगदी तोच. जमिनीवरच्या केंद्रात अशी रेघ शेजारच्या पिक्सेलांवरून भरून काढतात. सेवेत असताना निव्वळ वयोमानाने मेलेल्या पिक्सेलांच्या अशा रेघा भरण्यात माझी काही वर्षे गेली आहेत.

वांगणीचा_प्रवासी (नेरूळ)

मी हौशी आकाशनिरीक्षक आहे आणि अमावास्येच्या आसपास वांगणीला जाणाऱ्यांपैकी एक. वरच्या उत्तराला पूरक म्हणून एक घटना सांगतो. मार्च २०१२ मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनिओ शहराच्या हौशी खगोलप्रेमींनी, आधी ठरवून, एक वॉटचा निळा लेझर आणि काही मोठे प्रकाशझोत आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे रोखले होते, आणि स्थानकातील अंतराळवीर डॉन पेटिट यांना ते दिवे दिसले, त्यांनी त्यांचे छायाचित्रही घेतले. पाचशे किलोमीटर हे अंतर प्रकाशाच्या दृष्टीने किती किरकोळ आहे हे त्यावरून लक्षात यावे.

अवघड भाग शक्तीचा नसून नेमाचा आहे. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने जातो आणि क्षितिजापासून क्षितिजापर्यंत दहा-बारा मिनिटांत आकाश ओलांडतो. शिवाय तो जेथे दिसतो तेथे लेझर रोखून उपयोग नसतो, कारण त्याच्याकडून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत येईपर्यंत आणि आपला प्रकाश तेथवर जाईपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या सुमारे तीनशेव्या भागात, तो पंचवीस मीटर पुढे सरकलेला असतो. दहा मीटरच्या वर्तुळासाठी पंचवीस मीटरची चूक म्हणजे नेम पूर्ण हुकला.

वातावरणाची गोष्ट तर फारच मजेशीर आहे. बटर पेपर छापील अक्षरांवर टेकवून ठेवला तर अक्षरे वाचता येतात, तोच कागद उचलून डोळ्याजवळ धरला की सगळे धूसर होते. हवेचा हलता थर जमिनीलगत आहे. उपग्रहाच्या दृष्टीने तो अक्षरांवर टेकवलेला कागद आहे, म्हणून त्याला आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी स्पष्ट दिसते. आपल्या दृष्टीने तो डोळ्यावरच धरलेला कागद आहे, म्हणून आपला झोत निघतानाच विस्कटतो. त्यावर उपाय म्हणजे हवेची थरथर क्षणोक्षणी मोजून त्याप्रमाणे वाकणारे आरसे, जे मोठ्या वेधशाळांमध्ये आज सर्रास वापरले जातात.

शांततेच्या कामासाठी मात्र हा नेम रोज साधला जातो. १९७६ साली सोडलेला 'लॅजिओस' हा उपग्रह म्हणजे परावर्तकांनी मढवलेला एक गोळाच आहे, आणि जगभरातली केंद्रे त्याच्यावर लेझरचे स्पंद सोडून तो परत येण्याचा वेळ मोजतात. भूखंडांचे सरकणे असेच मिलिमीटरमध्ये मोजले जाते, तेव्हा हे उदाहरण भूगोलाच्या वर्गात चालेल. हीच केंद्रे नासाच्या 'आइससॅट'च्या बाबतीत फार जपून वागत असत. त्या उपग्रहावरचा संवेदक नाजूक असल्यामुळे तो डोक्यावरून जात असताना त्याच्यावर लेझर सोडण्यास मनाई होती. कुणाचा वाईट हेतू नसतानाही डोळा जाऊ शकतो, हे शास्त्रज्ञांनी तेव्हाच मान्य केले होते.

तलावपाळी

तिघांचेही आभार. बटर पेपरचा प्रयोग मी लगेच स्वयंपाकघरात करून पाहिला, आणि तो तंतोतंत जमतो. परंतु माझा तिसरा प्रश्न आता अधिकच टोकदार झाला आहे. दहा-वीस वॉट पुरत असतील आणि नेमही साधत असेल, तर प्रत्येक देशाने आपल्या प्रत्येक तळावर असा एक लेझर का बसवू नये? आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाशच दिसत नाही, तेव्हा काय करणार?

जुना_सुदूरसंवेदक

पहिले कारण असे की दिपवणारा दिवा फक्त स्वतःच्या आसपासचे लपवतो. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रखर दिव्यांमुळे त्या गाडीचा क्रमांक दिसत नाही, परंतु बाजूच्या दुकानाची पाटी वाचता येते. हेरगिरी कॅमेऱ्याची दृष्टी अत्यंत अरुंद असते. एका वेळी दहा-पंधरा किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहणाऱ्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यात तुमचा लेझर नसेल, तर त्याचा प्रकाश दुर्बिणीच्या नळीच्या काळ्या भिंतीवर पडून संपतो. ऐरोलीत लावलेल्या लेझरने उरण झाकले जात नाही. शक्ती वाढवली की पांढरा पडणारा भाग वाढतो हे खरे, परंतु फार कंजूषपणे वाढतो. केवळ विवर्तनाचा, म्हणजे दुर्बिणीच्या कडेमुळे प्रकाश थोडा पसरण्याचा, विचार केला, तर त्या भागाची त्रिज्या दुप्पट करण्यासाठी शक्ती आठ पट करावी लागते.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. पांढरा ठिपका हासुद्धा एक संदेश असतो. ज्या जागेवर कुणी लेझर लावला, त्या जागी लपवण्यासारखे काहीतरी आहे हे पाहणाऱ्याला आयतेच कळते, आणि ठिपक्याच्या मध्यावरून लेझरचे ठिकाणही कळते. पुढच्या वेळी तो वेगळ्या कोनातून, वेगळ्या रंगाच्या गाळणीतून किंवा वेगळ्या उपग्रहातून पाहील. चोराने दिव्यावर घोंगडी टाकली की घरातल्यांना जाग येते, तसेच हे आहे.

पावसाळ्याचे म्हणाल, तर ढग दोघांनाही सारखेच अडवतात. कॅमेऱ्याला खालचे दिसत नाही आणि लेझर वर जात नाही. मात्र रडारवर चालणाऱ्या उपग्रहांना ढगांची, अंधाराची किंवा लेझरची, कशाचीच पर्वा नसते. आपला 'रिसॅट-२' एप्रिल २००९ मध्ये, म्हणजे मुंबईवरच्या हल्ल्यानंतर काही महिन्यांतच, वर गेला आणि तो रडारचाच होता. रडार उपग्रहाला भिंग नसते, अँटेना असतो, आणि लेझरचा प्रकाश एकवटून घेणारे त्यात काही नसते. त्याला छळायचे तर रेडिओ लहरींनी छळावे लागते, तो वेगळा विषय आहे.

इतिहासाबद्दल थोडे. १९७५ च्या अखेरीस सोव्हिएत भूमीवरून आलेल्या तीव्र अवरक्त प्रकाशाने अमेरिकेचे क्षेपणास्त्र-इशारा उपग्रह दिपले, तेव्हा लेझर हल्ल्याचा गवगवा झाला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मात्र तो नैसर्गिक वायूच्या नळाला लागलेल्या आगीचा प्रकाश असल्याचे सांगितले. १९८० च्या दशकात कझाकस्तानातील सारी शगान येथे सोव्हिएत संघाने उपग्रहभेदी लेझर उभारला आहे असे अमेरिकेत छापून येत असे; १९८९ साली अमेरिकी शिष्टमंडळाला ती जागा प्रत्यक्ष दाखवण्यात आली, तेव्हा तेथला लेझर त्या दाव्यांच्या मानाने अगदीच दुबळा निघाला. २००६ मध्ये चीनने अमेरिकी उपग्रहावर लेझरचा प्रकाश टाकल्याचे अमेरिकेच्या टेहळणी उपग्रह संस्थेचे तेव्हाचे प्रमुख डोनाल्ड केर यांनी मान्य केले, परंतु माहिती गोळा करण्याच्या क्षमतेला बाधा आली नाही असेही ते म्हणाले. या क्षेत्रातली प्रत्येक बातमी वाचताना मी हे तीन प्रसंग मनाशी ठेवतो. पेरेस्वेतच्या बाबतीत रशियन अधिकाऱ्यांनी 'आंधळे करते' असे म्हटले, त्याचा अर्थ मी 'दिपवते' असाच घेतो: फिरत्या क्षेपणास्त्र-वाहनांसोबत असा लेझर असेल, तर वाहन जागा बदलत असतानाची काही मिनिटे झाकली जावीत एवढाच त्याचा उपयोग असू शकतो, आणि तेवढ्यासाठी दिपवणे पुरेसे आहे.

कायद्याचा मुद्दा कुणी काढण्याआधीच लिहितो. माणसांना कायमचे आंधळे करणाऱ्या लेझर शस्त्रांवर १९९५ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने बंदी आहे, परंतु यंत्राच्या डोळ्याला ते संरक्षण नाही. १९६७ चा अवकाश करार अण्वस्त्रे आणि इतर महासंहारक शस्त्रे कक्षेत ठेवण्यास मनाई करतो. जमिनीवरून सोडलेल्या प्रकाशाविषयी त्यात स्वतंत्र कलम नाही.

झोत_आणि_पत्रा

माझे म्हणणे मागे घेतो. खरे तर हे मला आधीच सुचायला हवे होते, कारण आमच्याकडे तांबे किंवा पितळ कापताना चकचकीत पृष्ठभागावरून परत उसळलेला झोत थेट लेझरच्या उगमापर्यंत जाऊन लाखभर रुपयांचे नुकसान करतो, आणि तो परत आलेला भाग मूळ शक्तीच्या मानाने थोडाच असतो. जेथे भिंग आहे तेथे थोडेही पुरते, हा धडा पैसे मोजून शिकलो होतो, तरी उपग्रहाला लावला नाही.

एक शंका उरते. आपल्या डीआरडीओने एप्रिल २०२५ मध्ये कर्नूलजवळ ३० किलोवॉटच्या लेझरने ड्रोन पाडून दाखवला. तोच लेझर वर रोखला तर?

जुना_सुदूरसंवेदक

ती यंत्रणा काही किलोमीटरवरच्या ड्रोनचे अंग जाळण्यासाठी आहे, म्हणजे तुमच्या पहिल्या हिशेबातले काम. उपग्रहासाठी शक्तीपेक्षा मोठा आरसा, वाकणारा आरसा आणि कक्षेची अचूक माहिती लागते. नुसती शक्ती आहे म्हणून एकाचे काम दुसरे यंत्र करील असे नाही. भारताने २७ मार्च २०१९ च्या 'मिशन शक्ती'त उपग्रह पाडला तोही लेझरने नव्हे, क्षेपणास्त्राच्या थेट धडकेने.

तलावपाळी

माझ्या वर्गातली दोन उत्साही मुले आता येऊरच्या बाजूने अवकाश स्थानकाकडे लेझर दाखवण्याचा बेत करत आहेत. सॅन अँटोनिओची हकिकत मीच सांगितली, हे माझेच चुकले. त्यांना परवानगी द्यावी का?

वांगणीचा_प्रवासी

कृपया देऊ नका. मुंबईचे आणि आता नवी मुंबईचे, अशी दोन विमानतळांची ये-जा आपल्या डोक्यावरून होते, आणि हातातल्या लेझरने अवकाश स्थानकाआधी वैमानिकाचे डोळे दिपतील. विमानतळांच्या परिसरात आकाशात लेझर झोत सोडण्यास मनाई करणारे आदेश पोलीस काढत असतात. त्यांना स्थानक नुसत्या डोळ्यांनी पाहायला सांगा. सूर्यास्तानंतरच्या तासाभरात ते वरून जात असेल तर ठाण्याच्या उजेडातही ठळक दिसते.

तलावपाळी

तसेच सांगते. लेझरऐवजी त्यांना माझा रेघवाला मोबाइल दिला आहे; कोरी भिंत, आकाश आणि अंधार यांची छायाचित्रे घेऊन त्या रेघेची जागा आणि रुंदी बदलते का ते पाहायचे, आणि मग शेजारच्या पिक्सेलांवरून ती भरून काढायची. सुदूरसंवेदक काका, भरताना दोन्ही बाजूंच्या पिक्सेलांची नुसती सरासरी घ्यायची, की आपण सेवेत असताना आणखी काही करत होतात?

जुना_सुदूरसंवेदक

एका पिक्सेलची रेघ असेल तर सरासरी पुरते. दोन-तीन पिक्सेलांची असेल, तर रस्ता किंवा इमारतीची कड जेथे रेघेला तिरपी छेदते तेथे सरासरीने कड तुटलेली दिसते. म्हणून आधी कडेची दिशा पाहावी आणि त्या दिशेतले पिक्सेल घ्यावेत. मुलांना पहिले चित्र कोऱ्या भिंतीचे आणि दुसरे खिडकीच्या गजांचे घ्यायला सांगा, फरक त्यांना आपोआप दिसेल.